एमएला समता-सामाजिक न्याय शिकावं का? ऊसतोडीच्या घरातला आहे, खरं सांगा

घाटाखालचा

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातला, जि. बीड. राज्यशास्त्र घेऊन बीए झालंय, सगळं मराठीतून. मातंग समाजातला आहे. आई आणि बापू दसऱ्यानंतर मुकादमाबरोबर (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) तोडीला जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी पार बेळगावकडं. तेवढे महिने मी आजीजवळ राहून शिकलो. धाकटी बहीण एका हंगामाला त्यांच्याबरोबर गेली, परत आल्यावर शाळेत काही नीट बसलीच नाही.

कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (देवनार) सोशल वर्कच्या एमएत दलित आणि आदिवासी अभ्यास असा विषय घेता येतो. पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, तिथंही जात, लिंगभाव वगैरे शिकवतात म्हणे. मला विषय आवडतो. जयंतीला भाषण करतो, फुले थोडे वाचलेत. पण घरचे म्हणायलेत पोलीस भरती कर, नाहीतर एमपीएससीला बस. बापू म्हणाले, "अन्याव काय असतो ते शिकायला मुंबईला कशाला जायचं, हितं दारात हाय की." मला काही बोलता आलं नाही.

तर ह्यात नेमकं शिकवतात काय? इंग्रजी कच्चं आहे, टिकेन का? पैशाचं कसं? आणि पुढं नोकरी असते का नुसते मोर्चे? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. "आवड असेल तर कर" असं म्हणणारे लई भेटले, ते नको.

गोवंडी स्लो

मी देवनारलाच शिकले. मूळ परभणीची, आता मराठवाड्यातच एकल बायकांच्या प्रश्नांवर काम करते. तुझ्या बापूंचा सवाल इतका नेमका आहे की तिथूनच सुरू करते.

अन्याय दारात आहे हे खरंच. पण त्याचा कागद कुठं आहे? तुझ्याच घरचं बघ. तोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांना मिळून एकच मजूर मोजतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, बापूंच्या हातात येते, हिशोब टनावर होतो आणि मुकादमाच्या वहीत नाव बापूंचं. आई तेवढाच ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, त्याआधी पहाटे उठून भाकरी थापते. वहीत ती नाही. उद्या सरकारनं ठरवलं की ऊसतोड कामगाराला अमुक मिळेल, तर आईनं आपण कामगार आहोत हे दाखवायचं कशावरून? मला तरी ह्या शिक्षणातून मिळालं ते हेच: कुठलीही योजना, कायदा, नोंदवही हातात आली की ह्यात कोण लिहिलं गेलंय आणि कोण राहिलंय ते आधी बघायचं, आणि राहिलेल्याचं नाव आत जाईल असा पुरावा उभा करायचा. भाषणाचा विषय संपतो तिथं हे काम सुरू होतं.

गर्भपिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये पेपरांत आलं. आपल्याकडच्या कोणाला ते नवीन होतं का? खाडा, म्हणजे कामाला गैरहजेरी, झाला की दंड. पाळीत दुखलं म्हणून बसली तरी खाडाच. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, ना पाणी, ना आडोसा. वरून डॉक्टर म्हणणार, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. गावोगावच्या बायकांना हे ठाऊक होतं, पण मोजलेलं नव्हतं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खाजगी दवाखान्यांना ह्या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. आता विद्यार्थी म्हणून तू विचारशील ते वेगळं. पाहणीच्या फॉर्मवर काय विचारलं होतं? वय किती, ऑपरेशन कुठं झालं, पैसे कुठून आणले, मुकादमाकडून उचल घेतली का? त्या शेवटच्या प्रश्नाचा रकाना नसेल तर ऑपरेशनचं कर्ज पुढच्या हंगामाच्या मजुरीतून फिटतं हे कधी दिसणारच नाही. फॉर्म तयार करणं हा आमच्याकडे अख्खा पेपर होता. कंटाळवाणा. पण आज सगळ्यात जास्त तोच कामाला येतो.

वर्गात सिद्धांत असतात, ते टळत नाहीत. जॉन रॉल्स हा अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणतो, आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे माहीत नाही असं धरून समाजाचे नियम ठरवा. ऐकायला छान वाटतं. मी तेव्हाच मनात म्हटलं, आपल्याकडे ते पोटात असतानाच ठरलेलं असतं. अमर्त्य सेन मला जास्त पटले: हातात रेशनकार्ड आहे का एवढंच विचारू नका, त्या माणसाला त्यावर खरंच काय करता येतं ते विचारा. तुझी आई बेळगावकडे कोपीवर असते तेव्हा तिचं केजचं कार्ड किती कामाचं असतं, हा सेनांचाच प्रश्न झाला. आणि बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमता. नुसती विषमता असती तर खालचे सगळे एक झाले असते, पण इथं प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेला आहे, त्यामुळे प्रत्येकाला आपली पायरी सांभाळावीशी वाटते. ते वाचल्यावर मी आमच्या गल्लीकडे पूर्वीसारखं बघू शकले नाही. ह्याशिवाय वाचायला लावलेलं बरंचसं निव्वळ शब्दांचं जंगल होतं, तेही सांगून ठेवते.

क्षेत्रकार्य मात्र खरं. आठवड्यातले ठरलेले दिवस बाहेर. मी गोवंडी-मानखुर्दकडे सफाई कामगारांच्या वस्तीत होते. गटारात उतरून माणूस मेला तर कुटुंबाला १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदीचा कायदा २०१३ चा आहे. सगळं कागदावर चोख. प्रत्यक्षात पोलिसांच्या कागदावर फक्त अकस्मात मृत्यू, ठेकेदार म्हणतो हा आमचा माणूसच नाही आणि हजेरीपटावर नाव नाही. परत तीच वही. ती विधवा बाई आणि मी हजेरीचा पुरावा म्हणून काय काय गोळा करत होतो, सोबत काम करणाऱ्यांचे जबाब, त्या दिवशीचे फोन, ठेकेदारानं दिलेला रेनकोट. तिथं मी जे शिकले ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं, पण पुस्तकं वाचली नसती तर रेनकोट जपून ठेवायचं सुचलंही नसतं.

इंग्रजीचं. पहिलं सत्र मी जवळपास गप्प होते. वर्गात चेन्नई-दिल्लीची पोरं फाडफाड बोलायची. माझ्यापुरता उपाय असा निघाला की आधी मराठीत वाचायचं, मग तेच इंग्रजीत. बाबासाहेबांचा भारतातल्या जातींवरचा निबंध, ९ मे १९१६ ला कोलंबियात वाचलेला, मराठीत मिळतो. तो दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाच. आणि त्याच्याही आधी मुक्ता साळवेचा वाच. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, वय चौदाच्या आसपास, तुझ्याच समाजातली. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचं धर्मपुस्तक कोणतं, असं ती सरळ विचारते. ह्या विषयाचा पहिला पेपर तिनं लिहून ठेवलाय असं मी आमच्या मुलींना सांगते.

नोकरीची हमी हवी असेल तर हे करू नकोस. कामं मिळतात, पण प्रकल्प संपला की करार संपतो. बाकी कागदपत्रांचं इथले जाणकार सांगतीलच.

जीआर वाचक

जाणकार म्हणजे मी असावा, तालुक्याच्या समाजकल्याणाच्या कामात केस पांढरे झालेत. घाटाखालच्या भावा, मुद्द्याचं लिहितो.

टाटाची पहिली चाळणी आता सीयूईटी-पीजी ह्या राष्ट्रीय परीक्षेतून होते, पुढे मुलाखत. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत, मराठी नाही. तू हिंदी सहज वाचत असशील तर घाबरू नकोस. अभ्यासक्रमांची नावं अधूनमधून बदलतात, म्हणून सरांनी सांगितलं ते धरून न बसता यंदाचं माहितीपत्रक उघड.

पैसे: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अर्ज महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार, त्यात भोजन ३२, निवास २०, निर्वाह ८. हे पैसे प्रवेशाच्या दिवशी हातात पडत नाहीत. पहिल्या काही महिन्यांची तजवीज घरून किंवा उसनवारीनं करावीच लागते, बापूंना हे आत्ताच सांगून ठेव. टाटाला शिष्यवृत्तीच्या मुलांच्या फीवरून २०१८ मध्ये विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला होता. म्हणून प्रवेश घेताना शिक्षण शुल्क, वसतिगृह, मेस ह्यातलं आधी किती भरायचं आणि शिष्यवृत्तीतून किती वळतं करणार, हे ईमेल करून विचार आणि उत्तर छापून ठेव.

नोकरी: वैद्यकीय समाजसेवक, महापालिकेतले समूह संघटक, बाल संरक्षण कक्ष, समुपदेशक, ह्या जाहिरातींत बहुतेक वेळा "एमएसडब्ल्यू" (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लिहिलेलं असतं. सोशल वर्कमधलं एमए त्यात चालतं, पण छाननीला बसलेला बाबू अडवतो कधीकधी, समकक्षतेचं पत्र जवळ ठेवावं. पुष्कळ जागा अकरा महिन्यांच्या कराराच्या. स्त्री अभ्यासात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) होते, पण त्या विषयाचे विभागच मोजके, मग प्राध्यापकीच्या जागा कुठून येणार? संशोधनात जायचं असेल तर जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती, महिना ३७ हजार आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी ह्या राज्य सरकारच्या संस्थेचीही अधिछात्रवृत्ती आहे.

सदाशिव

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. समता शिकवणारे आणि शिकणारे दोघेही शेवटी एसी हॉलमध्ये परिसंवाद घेतात. ह्या मुलाच्या घरचे सहा महिने कोपीवर राहतात. त्यानं राज्यसेवा काढावी, तहसीलदार व्हावं आणि सही करून न्याय द्यावा. दोन वर्षं घालवून काय मिळणार?

गोवंडी स्लो

सदाशिवदादा, परिसंवादांबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही चहा पिऊनच परत येते.

पण तहसीलदार सही कशावर करतो? त्याच्यापुढे आलेल्या कागदावर. कागद आलाच नाही तर चांगला तहसीलदारही काही करू शकत नाही. मेंढा (लेखा) ह्या गडचिरोलीतल्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा हक्क, मिळाला, तेव्हा वनहक्क कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. कायदा सगळ्या गावांसाठी होता. मेंढ्यात गावकऱ्यांचे अभ्यासगट वर्षानुवर्षं चालत आले होते, म्हणून दावा कसा लिहायचा हे त्यांना कळलं. खुर्चीही लागते आणि दावा लिहिणाराही लागतो. खुर्चीसाठी किती लाख पोरं पुण्यात पेठांमध्ये खोल्या घेऊन बसलीत ते तुम्हाला माहीत आहेच.

आणि राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय. सामाजिक न्यायावर पानभर लिहायला दोन वर्षांचं हे वाचन आड येणार नाही.

टेम्सकाठचा नागपूरकर

इंग्लंडात आहे, मास्टर्स इथंच केलं. बाहेरचा रस्ताही माहीत असू दे, आत्ता नाही तरी एमएनंतर. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. इथलं मास्टर्स एका वर्षात होतं.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे, पण २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक संशोधन असा विषय असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. म्हणजे जातीमुळे शिष्यवृत्ती मिळणार, पण बाहेर जाऊन जातीवरच अभ्यास करतो म्हटलं की दार बंद. बाबासाहेब १९१३ ला सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि तिथं जातीवरच निबंध वाचला, तो ह्या कलमात बसला असता का ते तुम्हीच बघा. अर्ज करण्याआधी त्या वर्षाचे नियम ओळ न ओळ वाच, विषयाचं नाव काय टाकायचं ह्यावर सगळं अडतं.

घाटाखालचा

ताई, दादा, एवढं लिहिलंत, आभार. वहीचं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "नाव लिवलं तर उचल बी माझ्या अंगावर यील का?" ह्याचं उत्तर काय द्यायचं?

आणि एक नाजूक आहे, विचारू का नको असं झालंय. उपवर्गीकरणाचं, म्हणजे अनुसूचित जातींच्या आरक्षणात जातवार वेगळे वाटे करायचं. आमच्या भावकीत सगळे म्हणतात, आरक्षण पुढच्यांनीच खाल्लं, आमच्या वाट्याला काही नाही. कॉलेजातले माझे दोन जिगरी दोस्त बौद्ध आहेत, ते म्हणतात ही फूट पाडायची चाल आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला त्या आठवड्यात आम्ही बोललोच नाही एकमेकांशी. तिथं वर्गात ह्यावर उघड बोलता येतं का, का गप्प बसावं लागतं?

गोवंडी स्लो

तुझी आई माझ्यापेक्षा हुशार आहे. तिनं विचारलं ते थट्टेवारी नेऊ नकोस. नाव आलं की हक्क येतो आणि कर्जही येऊ शकतं. म्हणून नुसतं "बायकांची नावं लिहा" अशी मागणी अर्धवट आहे. मजुरीची नोंद स्वतंत्र आणि उचलीची जबाबदारी वेगळी, असं मागावं लागेल. आमच्यात अजून त्यावर वाद चालू आहेत. हाच तुझा प्रबंधाचा विषय होऊ शकतो, गंमत नाही करत.

दुसऱ्याचं. मी बौद्ध आहे, त्यामुळे माझं बोलणं तेवढं पारखून घे. १ ऑगस्ट २०२४ चा निकाल सात न्यायमूर्तींचा, सहा विरुद्ध एक. राज्यांना अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येईल, पण आकडेवारीच्या आधारावर, असं त्यात आहे. तो वाचला की दोन्ही बाजूंच्या व्हाट्सअॅपवरच्या अर्ध्या गोष्टी आपोआप गळतात. आमच्या वेळी निकाल नव्हता, पण प्रश्न होताच. माझ्या वर्गात लातूरचा एक मातंग मुलगा होता. त्यानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या चळवळीच्या व्यासपीठावर आमचा माणूस शेवटचा कधी बोलला? मला तो हल्ला वाटला आणि मी आवाज चढवला. मॅडमनी दोघांनाही थांबवून काम दिलं: एका विभागातल्या नोकऱ्यांची जातवार माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. उत्तर आलं की जातवार माहिती ठेवली जात नाही, फक्त प्रवर्गवार ठेवतात. म्हणजे तो म्हणत होता ते खरं आहे हे त्याला दाखवता येईना, आणि खोटं आहे हे मला.

माझं मत सांगते. श्रेणीबद्ध विषमता ब्राह्मणापासून सुरू होऊन आपल्या दाराशी थांबते असं मानणं आम्हाला सोयीचं पडलं. आकडे बाहेर यावेत, मग कोणाला दुखलं तरी चालेल. माझ्या घरचे ह्यावर माझ्याशी सहमत नाहीत. वर्गात बोलता येतं, पण बोलल्यावर मेसमध्ये शेजारी कोण बसतं हेही बघावं लागतं, ते काही वेगळं नाही तिथं. दोस्तांशी मात्र बोल. तो लातूरचा मुलगा अजून माझा मित्र आहे, फोनवर अजून भांडतो.

जीआर वाचक

चर्चा चालू द्या, मी परत कागदावर येतो. भावा, जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला पडताळणी समितीनं तपासून खरा ठरवल्याचं) काढलंयस का? तुझ्या शेवटच्या लिखाणात उल्लेख नाही म्हणून विचारतो. नसेल तर आत्ताच सुरू कर, प्रवेशाच्या धावपळीत ते होत नाही.

घाटाखालचा

जातीचा दाखला आहे, वैधता नाही. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यांचा दाखला कुठून आणू?

जीआर वाचक

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास आणि जात दाखवणारा पुरावा लागतो. आजोबा शाळेत नसतील तर त्यांचा भाऊ, चुलत भाऊ, कोणीतरी गेला असेल, त्याचा शाळेचा निर्गम उतारा बघ आणि वंशावळीचं शपथपत्र जोड. तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून तुमच्या गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, शोधायला लाव. भावकीत कोणाची वैधता आधी झाली असेल तर काम पुष्कळ सोपं, म्हणून आधी चुलत्यांना विचार. आपल्याकडचे निजामाच्या काळातले कागद बरेचसे उर्दूत असतात, नक्कल मिळाली तरी वाचता येणार नाही. अनुवाद करून देणारा जाणकार आधीच गाठून ठेव, बीडला जुने लोक आहेत. आणि नक्कल मागताना आजोबांच्या नावाबरोबर पणजोबांचंही नाव दे, गावात एकाच नावाचे चार निघतात.